पाहुण्यांचं पाणी

"कुकरात दगडबी शिजंल," असं आमच्या आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, आणि त्यांच्याकडे बघितलं की पुढचं 'बाई' आपोआप तोंडात यायचं. तर त्यांचं म्हणणं असं, की एखाद्या गावाचं पाणी कसं आहे हे कळायला कुकर कामाचा नाही. वातीचा स्टोव्ह घ्यायचा, लहान पातेलं घ्यायचं, मूठभर तुरीची डाळ टाकायची, त्या गावाचं पाणी घालायचं आणि उघड्यावर शिजू द्यायची. पाणी गोड असेल तर पळी लागताच डाळ विरघळते. पाणी जड असेल तर रॉकेल संपेल, तुमचा जीव कंटाळेल, पण डाळ टणकच. पाणी एकीकडे, डाळ एकीकडे, भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखी.

लोक घर बघायला जातात तेव्हा भिंती ठोकून बघतात, कागदपत्रं बघतात, कुणी दिशा बघतं. आम्ही फिरकीचा तांब्या घेऊन जायचो. नव्या पोरींना ठाऊक नसेल म्हणून सांगते, फिरकीचा तांब्या म्हणजे झाकणाला आटे असलेला पितळी तांब्या. प्रवासात पाणी सांडत नाही. तो भरून आणायचा, घरी येऊन त्या पाण्यात डाळ टाकायची, आणि मग त्या गावाचा निकाल लागायचा.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. नगरात आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचो. आमचे हे, मी, आमच्या दोन मुली आणि आत्याबाई. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी सकाळी सातची. त्यामुळे घर कुठंही घेऊन चालणार नव्हतं. आणि नगरातच घ्यावं तर भाव असे, की सावेडीकडे आम्ही नुसते फिरायला जायचो, बंगल्यांच्या बागा बघायचो आणि भेळ खाऊन परत यायचो. केडगाव, भिंगारसुद्धा तोवर आमच्या हाताबाहेर गेलं होतं. मग ठरलं, की नगरच्या बाहेर, पण रोज येऊन-जाऊन नोकरी करता येईल अशा एखाद्या गावात बघायचं.

घाई होती ती आत्याबाईंना. आमच्या खोल्यांना नळ नव्हता, तो घरमालकिणीच्या अंगणात. बाई काही वाईट नव्हती, माझ्या धाकटीला शाळेच्या पहिल्या दिवशी तिनंच पोचवून आणलं होतं. पण नळ तिचा होता आणि तो तिचा आहे हे ती विसरत नव्हती. आत्याबाईंचं माहेर खर्ड्याकडचं. तिकडचं कुणी नगरच्या दवाखान्यात भरती झालं की त्याच्यामागून आलेली सगळी माणसं आमच्याकडे उतरायची. माणसं आली की पाणी जास्त लागायचं. घरमालकीण ओट्यावरून हसत म्हणायची, "आजी, पाव्हणे आलेत का जत्रा भरलीय?" आत्याबाईसुद्धा हसायच्या. कळशी अर्धी भरली की उचलून आणायच्या.

अशाच एका दिवशी संध्याकाळी त्या ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक घर घ्या आता."

हे जेवत होते. म्हणाले, "बघतोच आहे ना आई. नळ असलेलं बघू."

"नळ न्हाई म्हनले मी. दार पायजे मला."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, खडे निवडता निवडता, जसं कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. "ल्हानपनी आमी आडावर जायचो, पर आडाला हात लावायचा न्हाई. कडंला उबं ऱ्हायाचं. कुनी वरून वतलं तर वंजळ भरायची. मंग तुझ्या बापानं दीक्षा घेतली, आमी बुद्धाचे झालो, हिकडं शेरात आलो. हितं आडाला कोन अडवत न्हाई, खरं हाय. पर पानी मागायचं काय सुटलं न्हाई. मला आता मागायचं न्हाई, द्यायचंय. रस्त्यानं जानारा मानूस माज्या दारात थांबला पायजे आन म्हनला पायजे, म्हातारे, पानी दे. तेवडं एक दार बगा. बाकी तुमाला काय बगायचं ते बगा."

हे जेवायचे थांबले. मीही थांबले. आत्याबाईंनी एक खडा उचलला, लांब फेकला आणि म्हणाल्या, "भात गार व्हतोय."

तेव्हापासून आमच्या फिरण्याला सुरुवात झाली. यांच्या कारखान्याची सुट्टी रविवारी नसायची, मधल्याच वारी असायची. ते बरंच झालं. रविवारी गाव पाहुण्यासारखं नटलेलं असतं, मधल्या वारी ते घरच्या कपड्यांत सापडतं. कामं आम्ही वाटून घेतली होती. हे एसटी स्टँडवर थांबायचे आणि कंडक्टर लोकांशी गप्पा मारून पहिली गाडी कधी, ती खरंच येते की नुसती फळ्यावर लिहिलेली आहे, हे काढून घ्यायचे. मी शाळा बघायची आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायची. कपड्यांवरून गावाचं पुष्कळ कळतं. आणि आत्याबाई तांब्या घेऊन घरोघर. म्हणजे एखादं दार निवडायच्या आणि तिथं जाऊन म्हणायच्या, "बाई, डाळ शिजवून बगायचीय, तेवडं तुमच्या गावचं पानी द्या." बायका आधी हसायच्या, मग त्यांना त्यात रस वाटायचा, मग बसा म्हणायच्या. त्या एका तांब्यापायी आम्ही जिल्ह्यात कुठं कुठं चहा प्यायलोय म्हणून सांगू.

आपला जिल्हा केवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. आधी मला माहेर, सासर आणि नगर एवढंच ठाऊक. आता तिकीट काढून खिडकीशी बसायचं आणि बघत राहायचं. एका रस्त्याला ऊसच ऊस, दुसऱ्या रस्त्याला नुसते माळ आणि त्यावर मेंढरं. आणि प्रत्येक गावातल्या माणसाला वाटायचं, आपल्यासारखं गाव नाही. ही मला फार आवडलेली गोष्ट. ज्याच्या गावात प्यायला पाणी नाही तो म्हणायचा, हवा बघा आमची.

श्रीगोंद्याला यांचा एक मित्र साखर कारखान्यात होता, त्यानं घर बघून ठेवलं होतं. अंगणात कडुनिंब, मागं मोकळी जागा. मी तर मनातल्या मनात तिथं चूल मांडली. पण दोरीवरच्या पांढऱ्या लुगड्यावर बारीक काळे ठिपके दिसले. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते, ती. आणि यायला-जायला रेल्वेची पॅसेंजर. हे स्टेशनावर घड्याळ बघत बसले. गाडीची वेळ झाली तरी फलाटावरचं एक माणूस उठून उभं राहिलं नाही. वेळ टळून गेली तरी नाही. यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "गाडी येते ना रोज?" तो म्हणाला, "येते की. रोज येते. कवा येते ते इचारू नका."

घोडेगावला गेलो तेव्हा जनावरांचा बाजार बघून मी हरखले. पण लांब पडत होतं. परत येताना आत्याबाई म्हणाल्या, "पलीकडं शिंगनापूर हाय. तिथं घरास्नी दारंच नसत्यात. तिथंच घ्या, दाराचा खर्च वाचंल."

"आई, तुला तर दारच पाहिजे होतं ना?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ द्या."

यांच्या कारखान्यातला एक राजूरकडचा गडी म्हणायचा, आमच्या डोंगरात या, पाणीच पाणी. आत्याबाईंनी त्याला विचारलं, "आन तिथनं सातच्या पाळीला काय गरुडावर बसून यायचं?" आणि त्यांच्या स्वतःच्या भावाचा निरोप होता, की खर्ड्याला ये, आपल्या माणसांत स्वस्तात घर होईल. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यो काय, किल्ल्यासकट दील. म्हनून काय किल्ल्यात ऱ्हायाचं व्हय?"

असं फिरत फिरत आम्ही एका कालव्याकाठच्या गावात पोचलो. त्याचं नाव मी घेत नाही, माझी भाची आता तिथं नांदते आणि सुखात आहे. गाव देखणं. कालवा वाहता, कपडे शुभ्र, शाळा पक्की, आणि एसटी थेट एमआयडीसीवरून जाणारी. यांच्या चेहऱ्यावर तर लग्न ठरल्यासारखा आनंद. घराचा मालकही बोलायला गोड. आत्याबाईंनी शेजारच्या दारात तांब्या पुढं केला. बाईनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मग आतून पाणी आणून तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवून दिला. मला वाटलं, तिचे हात ओले असतील. आत्याबाईंनी वाकून तांब्या उचलला, फिरकी लावली आणि म्हणाल्या, "लई उपकार झाले, बाई."

घरी येऊन डाळ लावली. अशी डाळ मी त्याआधी शिजलेली पाहिली नव्हती. पळी नुसती फिरवली आणि तिचं सोनं झालं. आम्ही सगळे आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बोटानं चाखली.

"डाळ चांगली हाय," त्या म्हणाल्या. "गाव न्हाई."

"का?" यांनी विचारलं.

"तांब्या हातात न्हाई दिला तिनं."

यांना ते लागलं, पण एवढ्यावरून गाव सोडायचं त्यांच्या जिवावर आलं. पुढच्या सुट्टीला ते एकटेच जाऊन आले. तोवर गोड बोलणाऱ्या मालकाचं घर द्यायचं 'अजून पक्कं नव्हतं'. मग यांनीही त्या गावाचं नाव सोडलं.

त्यानंतर जेऊरला गेलो. औरंगाबाद रस्त्यावरचं जेऊर. एक पोस्टमन निवृत्त होऊन मुलाकडे चालला होता, त्याचं घर विकाऊ होतं. तीन खण, पुढं ओटा, आणि ओट्यासमोरून एसटीच्या थांब्याकडे जाणारा रस्ता. सगळं गाव त्या रस्त्यानं जाणार. शेजारी एक पिंजारी, गाद्या-रजया भरणारा. आम्ही गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून धनुकलीनं कापूस पिंजत होता. तुंई तुंई असा आवाज, आणि कापूस असा उडतोय की त्याच्या दाढीत कुठली पांढरी दाढी आणि कुठला कापूस ते कळत नव्हतं. मी तिथंच खिळले. कपडे बघायचे राहिले, भांडी बघायची राहिली, त्या कापसाकडेच बघत बसले.

आत्याबाईंनी पिंजाऱ्याच्या बायकोपुढं तांब्या केला नाही तोच ती म्हणाली, "आजी, आधी बसा. उन्हातनं आलाय." आत गेली, गूळ आणि पाणी घेऊन आली. आत्याबाई पाणी प्यायल्या. मग तिनं तांब्या त्यांच्या हातातून घेतला, आतून भरून आणला आणि परत त्यांच्या हातात दिला. वर म्हणाली, "डाळ शिजली का न्हाई ते सांगायला या बरं का. न्हाई शिजली तर माझी डाळ घेऊन जावा."

पिंजारी धनुकली थांबवून म्हणाला, "तुझी डाळ कवा शिजलीय?"

"तुमचं दात असतं तर शिजली असती," ती म्हणाली.

बसमध्ये आत्याबाई तांब्या मांडीवर घेऊन बसल्या. पायाशी जागा होती तरी खाली ठेवला नाही.

त्या दिवशीही डाळ शिजली. कालव्याच्या गावासारखीच, अगदी मऊ. आम्ही आनंदानं तीच वाढून घेतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. मग यांची परीक्षा राहिली होती. ते एका संध्याकाळी जेऊरला पिंजाऱ्याच्या ओट्यावर मुक्कामाला गेले आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं नगरला आले. तारकपूर स्टँडच्या बाहेर एका ओळखीच्या दुकानात सायकल ठेवून दिली होती, तिच्यावर टांग टाकली आणि गेटवर वेळेत हजर. संध्याकाळी घरी आले ते शीळ घालत. पोस्टमनला विसार द्यायचा दिवस ठरला.

विसार द्यायला आम्ही सगळेच गेलो. पोस्टमन नळाखाली हात धूत होता. मीही हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि ओठाला चव लागली. खारट. अगदी मिठासारखं नाही, पण जिभेवर रेंगाळणारं. मी साबण लावून बघितला, फेस येईना. मी यांच्याकडे बघितलं. यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि गिळावं की थुंकावं असा त्यांचा चेहरा झाला. पोस्टमन भला माणूस. म्हणाला, "आमच्या गावाचं पाणी जडच आहे हो. तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही तर डाळ शिजवून बघितली म्हणत होता."

विसाराचं पाकीट यांनी परत खिशात घातलं आणि आम्ही शेजारी गेलो. यांना राग आला होता. तरी शेजारणीशी बोलायचं म्हणून आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलं, "भाभी, त्या दिवशी तुम्ही पाणी कुठलं दिलं होतं?"

"डोंगराकडच्या हिरीचं," ती म्हणाली. "ह्ये रोज सायकलीवर एक कॅन आनत्यात. प्यायला आन पाव्हण्याला."

"पण आम्हाला नळाचं पाहिजे होतं. डाळ शिजते का बघायचं होतं ना."

तिनं यांच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या शाळेत जाणाऱ्या पोरानं काहीतरी अडाण्यासारखं विचारावं. "पाव्हण्याला कुनी खारं पानी देतं का कुटं?"

पिंजारी आपला कापूस पिंजत होता. म्हणाला, "सायेब, ही मला नळाचं पाजती. तुमची गोष्ट येगळी."

आम्ही तसेच परत आलो. आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात कालव्याच्या गावचा निरोप आला. मालकाला आता गिऱ्हाईक मिळत नव्हतं आणि तो आम्हाला घर द्यायला तयार होता. आता काय करायचं? एका बाजूला गोड पाणी, थेट गाडी, पक्की शाळा. दुसऱ्या बाजूला खारा नळ, दोन वाहनं आणि एक पिंजारी. हे म्हणाले, "आई, माणसं आज ना उद्या बोलायला लागतात. पाणी काही गोड होत नाही." खरं सांगते, मलाही ते पटलं. रोजचा स्वयंपाक मला करायचा होता, कपडे मला धुवायचे होते. मी तसं बोलूनही दाखवलं.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या गावात पानी गोड हाय, मान्य. पर मी दारात रांजन भरून ठिवला तर कोन थांबंल?"

हे तांब्याची फिरकी लावत-काढत बसले.

"जेऊरचं पानी खारं हाय," त्या म्हणाल्या. "पर त्या बाईनं सायकलीवर आनलेलं पानी आपल्याला दिलं, आन आपन कोन ते इचारलं न्हाई. डाळ काय, सोडा टाकला की शिजती."

हे उठले आणि सायकलीला कॅरिअर लावायला लागले. कॅरिअर कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कॅन बांधायला लागेल ना."

आमच्या यांच्याबद्दल मला नेहमी असंच वाटत आलंय. ते हो म्हणत नाहीत, कामाला लागतात.

जेऊरला राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पिंजारीभाऊ यांना डोंगराकडच्या विहिरीवर घेऊन गेले. आत्याबाई म्हणाल्या, मीबी येते. ऊन उतरल्यावर आम्ही सगळेच चालत गेलो. त्या वाटेवर माझ्या मनात एकच येत होतं, तिथंही आडनाव विचारलं तर? विहीर एका शेतकऱ्याची होती. तो बांधावर बसून तंबाखू मळत होता. पिंजारीभाऊंनी सांगितलं, ही पोस्टमनच्या घरातली नवीन माणसं. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मोटार चालू हाय तवर भरून घ्या. लाईट गेली की मग बसाल माझ्यासंगं गप्पा मारत." बस. त्याला फक्त लाईटची काळजी होती. आत्याबाई पाइपाच्या धारेखाली गेल्या, त्यांनी ओंजळ धरली, आणि प्यायच्या आधी उगीचच थोडा वेळ तशीच भरू आणि सांडू दिली. शेतकरी म्हणाला, "आजी, प्या की. हिरीत लई हाय."

मग दारातला रांजण. खर्ड्याहून भावानं तो त्यांना बैलगाडीनं जामखेडपर्यंत आणि तिथून एसटीच्या टपावर घालून पाठवला होता. फुटला कसा नाही याचं मला अजून नवल वाटतं. ओट्याच्या कडेला, सावलीला तो रोवला, वर लाकडी झाकण, झाकणावर लोटा. त्यात नळाचं पाणी कधी घातलं नाही. रोज यांनी आणि पिंजारीभाऊंनी आणलेल्या कॅनमधलं पाणी त्यात जायचं, आणि उरलं तर माझ्या डाळीला. पहिले काही दिवस आत्याबाई ओट्यावर बसायच्या, एसटीला जाणारी-येणारी माणसं बघायच्या. माणसं रामराम घालायची, बोलायची, कुठून आला विचारायची. पाणी कुणी मागितलं नाही. काही मंडळी मान वळवून पलीकडच्या कडेनं जायची, तेही दिसत होतं. मी म्हणायची, आत्याबाई, आत या, ऊन लागेल. त्या म्हणायच्या, "बसू दे की. काय काम हाय मला?"

घोडेगावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी एक गडी बैलजोडी घेऊन रस्त्यानं आला. नगरकडून चालत आलेला, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. बैलही थकलेले. तो आमच्या ओट्यापाशी थांबला, डोक्याचं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "म्हातारे, पानी हाय का?"

आत्याबाई उठल्या. उठताना गुडघा धरला, पण उठल्या. लोटा बुडवला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघट प्यायला. दुसरा लोटा दिला, तोही प्यायला. तिसरा डोक्यावर ओतून घेतला. "लई गोड पानी हाय," तो म्हणाला. "ह्या गावात असं पानी?" मग बैलांकडे बघून म्हणाला, "ह्यास्नी नळाचं मिळंल का कुटं? बादली असली तर बगा."

मी बादली घेऊन नळाकडे वळले होते. आत्याबाईंनी माझ्या हातातून बादली घेतली आणि रांजणात बुडवली. मी म्हटलं, "आत्याबाई, अहो, जनावरांना नळाचं चालतं."

"पाव्हणे हायेत," त्या म्हणाल्या.

बैल प्यायले. बैल काय थोडं पितात? एकानं बादली रिकामी केली, मग दुसऱ्यानं. रांजणाच्या तळाशी नुसता ओलावा राहिला. पिंजारीभाभी आपल्या दारातून बघत होती. आतून तिचा कॅन घेऊन आली आणि उरलेलं पाणी तिनं बैलांच्या बादलीत ओतून टाकलं. तो गडी बैलांच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. तो कुठला, कुणाचा, आम्हाला ठाऊक नाही. त्यानं विचारलं नाही, आत्याबाईंनीही विचारलं नाही. तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत त्या ओट्याच्या टोकाशी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी दोन्ही घरांत गोड पाण्याचा थेंब नव्हता. मी नळाच्या पाण्यात डाळ टाकली, सोडा टाकला, वात वाढवली, कमी केली. डाळ आपली हट्टाला पेटलेली. शेवटी तशीच वाढली. पलीकडच्या घरातही तेच चाललं होतं. भिंतीपलीकडून पिंजारीभाऊंचा आवाज आला, "ही डाळ हाय का सरकी?" आणि भाभीचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण काहीतरी आपटल्याचं ऐकू आलं.

यांनी पहिला घास घेतला. कुरूम असा आवाज झाला. दोघी मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"आई," हे म्हणाले, "डाळ शिजली नाही."

आत्याबाई भाकरी मोडत होत्या. "चावून खा," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढं करून आणखी एक पळी डाळ मागून घेतली.